चार नंबरच्या खाटेवर आबा

त्या दुष्काळात आबा आपल्या दोन म्हशी घेऊन चारा छावणीत राहायला गेले आणि मी त्यांना जाऊ दिलं. मी तेव्हा बीडमधल्या एका सहकारी रुग्णालयात, अतिदक्षता विभागात सिस्टर होते. हृदयाचे आणि फुप्फुसाचे म्हातारे पेशंट रोज माझ्या हाताखालून जायचे. आबांची छाती किती उरली आहे हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी जाऊ दिलं.

छावणी आमच्या गावापासून कोसभर, आष्टीच्या रस्त्याला लागून होती. एका सहकारी संस्थेने ती चालवायला घेतली होती. विहिरी आटलेल्या, कडबा संपलेला. जनावर जगवायचं तर तिथे नेऊन बांधायचं, आणि जनावराबरोबर घरचं माणूस राहिलं पाहिजे असा नियम. भाऊ आणि भावजय दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेले होते. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. उरले आबा. आमच्याच घरी असं होतं असं नाही. छावणीत जिकडे बघावं तिकडे म्हातारीच माणसं. ताडपत्रीच्या आडोशाला बाज, बाजेखाली पिशवी, समोर दावणीला जनावर. वाऱ्याबरोबर धूळ उठायची, आणि चुलींचा धूर त्या धुळीत मिसळून तिथेच लोंबकळत राहायचा.

आबांनी सहकारी जिनिंगमध्ये बावीस वर्षं काम केलं होतं. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रावर. तोंडाला ओला फडका बांधून जायचे आणि संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवया, कानातले केस, सगळं पांढरं झालेलं असायचं. लहानपणी आम्ही भावंडं त्यांच्या पाठीवरची कापसाची तुसं वेचून काढायचो, तो आमचा खेळ होता. जिनिंग बंद पडली तोवर खोकला कायमचा बसला होता. वर बिडी. पुढे दूध संघाला दूध घालायला लागले. बीडला आणून मी त्यांची छाती दाखवली, ओढायचा पंप दिला, गोळ्या दिल्या. दोन वर्षं बरी गेली.

छावणीत गेल्यापासून मी दर सुट्टीला एसटीने आष्टीला आणि तिथून मिळेल त्या गाडीने त्यांच्याकडे जायची. फेब्रुवारीत गेले तेव्हा ते बाजेवर पाय खाली सोडून बसले होते. चपला बाजूला काढलेल्या.

"चपला कावून घातल्या न्हाईत?" मी विचारलं.

"बसंनात," ते म्हणाले. "आटल्या उन्हानं."

मी खाली बसून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. मला पुढचं सगळं कळलं. फुप्फुसं थकली की त्यांच्यात रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते, आणि पाणी पायात उतरतं. असे पाय मी रोज बघत होते.

"लघवीची गोळी घेता का?"

"घेत व्हतो. बंद केली. घडीघडी उठावं लागतं, आन् जायचं कुठं, लांब. पुन्हा तहान लई लागती. टँकरचं पाणी आधी जनावराला असतं इथं."

"आबा, माझ्यासंग चला आज. चार दिवस राहा."

त्यांनी म्हशींकडे बघितलं. धाकटी गाभण होती. "हिच्यापाशी कोण ऱ्हाईल? पोरगा आला की येतो. महिन्याचा तर सवाल हाय."

मी गोळ्या पुन्हा मोजून दिल्या, समोर एक घ्यायला लावली, शेजारच्या बाजेवरच्या म्हाताऱ्याला माझा नंबर लिहून दिला आणि परत आले. पुढच्या आठवड्यात काहीही करून न्यायचं असं गाडीत बसल्यावर ठरवलं. पुढच्या आठवड्यात माझ्याबरोबरची सिस्टर रजेवर गेली, आणि मला सुट्टी मिळाली नाही. मी ती भांडून मागितलीही नाही.

फोन आला तो शेजारच्या म्हाताऱ्याचा, सकाळी, माझी ड्यूटी सुरू झाल्या झाल्या. "तुमच्या आबाला दम लई लागलाय. बोलता यीना. दूध संघाचा टेम्पो थांबिवलाय, त्यात घालून आष्टीला नेतोत." दुष्काळात दूधच नव्हतं, टेम्पोत निम्मे कॅन रिकामे होते. ते सरकवून जागा केली आणि आबांना गोधडीवर बसवलं. आडवं होता येत नव्हतं त्यांना. आष्टीतून अँब्युलन्स मिळाली. तिथून नगर जवळ पडतं, बीड लांब. पण आबांनी मानेने नको म्हटलं. मुलगी बीडला आहे, तिकडंच चला, असं त्यांनी खुणेने सांगितलं असं मला मागाहून कळलं. तेवढा जास्तीचा रस्ता त्यांनी माझ्यासाठी काढला.

दुपारी स्ट्रेचर वर आलं तेव्हा दारात मीच उभी होते. चार नंबरची खाट मी सकाळीच लावून ठेवली होती. आबांचे ओठ जांभळे होते, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या. अंगातला सदरा कापावा लागला. बंडीत छावणीत चारा म्हणून येणाऱ्या उसाच्या वाढ्यांचा भुसा अडकला होता. बोटाला चिमटा लावला तर सॅच्युरेशन अठ्ठ्याहत्तर. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि डोळे मिटले. आता आपण पोचलो, असं काहीतरी त्या मिटण्यात होतं.

आमचे डॉक्टर साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. तपासून झाल्यावर त्यांनी मला बाहेर बोलावलं.

"फुप्फुसं जुनीच खराब आहेत. त्यात न्यूमोनिया. हृदयाची उजवी बाजू पूर्ण ताणली आहे. मास्कचं मशीन लावू, दाबाने हवा आत जाईल. औषधाने अंगातलं पाणी काढू. दिवसाला सगळं मिळून एक लिटर. पाणी, चहा, सलाईन, सगळं त्यात."

"हो सर."

"आणि तू आत मुलगी म्हणून ये. सिस्टर म्हणून दुसरी कुणी करेल."

दुसरी कुणी नव्हती. एक रजेवर, एक तळमजल्यावर, आणि आत सहा खाटा भरलेल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टरांनीही तो विषय सोडला. आबांचं सगळं मीच करत होते.

मास्क नाकातोंडावर घट्ट बसतो. आतून सतत वारा येतो, त्याने तोंड कोरडं पडतं, जीभ टाळूला चिकटते. हे मी नातेवाइकांना समजावून सांगत आले होते, अगदी याच शब्दांत. आबांना पहिल्या दिवसापासून तहान लागली. अंगठा ओठांशी नेऊन ते खूण करायचे. मी मास्क क्षणभर बाजूला करून मापाच्या कपातून दोन घोट द्यायची आणि किती दिलं ते खाटेच्या तक्त्यावर लिहायची. कापसाचा बोळा ओला करून जिभेवर फिरवायची. ते बोळाच चोखायला लागायचे.

"पाणी दे माय जरासं."

"आत्ताच दिलं ना, आबा."

"ते कुटं पाणी व्हतं?"

त्या वर्षी सगळ्या जिल्ह्यात पाणी मापूनच मिळत होतं. रुग्णालयात टँकर दिवसाआड यायचा, आणि माझ्या घरी नवरा पहाटे उठून नळाची वाट बघायचा. पण ती टंचाई होती. इथे माझ्या हाताशी पाण्याने भरलेला जग होता, झाकण घातलेला, आणि मी देत नव्हते. आबांना ते कसं समजावं? दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जनावरालाबी दोन टायमाला पाजतोत की." रागाने नाही म्हणाले. विचारल्यासारखं म्हणाले.

तिसऱ्या दिवशी त्यांचं भान सुटलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की असं होतं. ते मास्क ओढून काढायला लागले, हाताची सुई उपसली, मला ओळखेनात. मास्क निघाला की मिनिटभरात सॅच्युरेशन खाली यायचं. वॉर्डबॉयने हात धरून ठेवले, पण तो किती वेळ धरणार? शेवटी मी गॉजची पट्टी घेतली, मनगटाभोवती कापूस गुंडाळला आणि आबांचे दोन्ही हात खाटेच्या लोखंडी कठड्याला बांधले. माझ्या नोकरीत मी कितीतरी म्हाताऱ्यांचे हात असे बांधले होते. रक्त अडणार नाही इतपत सैल, सुटणार नाही इतपत घट्ट. मधे एक बोट जातं का ते बघायचं. मी बोट घालून बघितलं.

आबा क्षणभर शुद्धीवर आल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले. मास्कच्या आतून आवाज नीट येत नव्हता, पण मला कळलं. "दाव्याला बांधलंस व्हय मला?"

मी पाच नंबरच्या खाटेकडे वळले, कारण तिथली म्हातारी माझ्याकडे बघत होती.

ती बीडमधल्या एका लिंगायत घरातली, त्यांचं किराणा दुकान होतं. हृदयाचा झटका येऊन गेलेला, आता सावरत होती. गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढायला तिने पहिल्या दिवशी साफ नकार दिला होता. मॉनिटरचे चिकटे छातीवर लावायचे होते, म्हणून मी ती डबी तिच्या खांद्यावर सरकवून चिकटपट्टीने बसवली होती. तेव्हापासून ती माझ्याशी बोलायची.

"तुझे वडील ना गं?" ती म्हणाली.

"हो."

"मग पाणी का देत नाहीस?"

"हृदयावर ताण येतो, आजी. पायाची सूज बघितली ना?"

"बघितली," ती म्हणाली, आणि कूस बदलली.

चौथ्या दिवशी औषधांनी काम केलं. सूज उतरली, शुद्ध आली, मी हात सोडले. डॉक्टरांनी मास्क दिवसातून काही तास काढायला परवानगी दिली. नाकात नुसती ऑक्सिजनची नळी. आबा उशीला टेकून बसले आणि बोलायला लागले. वाक्य अर्ध्यावर सोडून दम घ्यायचे, मग पुढचं अर्धं. मनगटांवर पट्टीचे वळ होते. त्यांनी म्हशींची चौकशी केली. दोन्ही बऱ्या आहेत, असं मी सांगितलं. छावणीतल्या म्हाताऱ्याने आदल्या दिवशीच कळवलं होतं की धाकटी गाभडली, गाभ टाकला तिने.

मग ते जिनिंगचं बोलायला लागले. मला वाटलं, धुळीचं, खोकल्याचं काही सांगतील. ते सभेचं सांगायला लागले.

"सभासद झालो तवा पयल्या सभेला गेलतो. खुर्च्या मांडल्या व्हत्या. मी मागं भितीला उभा. साहेब म्हणला, सभासद हायस ना, बस की. बसलो." दम घेतला. "शेजारी पाटलाच्यातला बसलेला. मी वाट बघत व्हतो, आता उठतो का मग उठतो. न्हाई उठला. सभा संपस्तोवर न्हाई उठला."

"मग?"

"मग काय. घरी आलो. तुज्या आईला सांगितलं."

इतक्या वर्षांत त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला तळमजल्यावर गेले. परत आले तर आबांची हनुवटी ओली, गळ्यापाशी चादर ओली, आणि चेहरा असा की मला आधी वाटलं काही झालं. ते हसत होते. पाच नंबरची म्हातारी तिच्या खाटेच्या कडेला पाय सोडून बसली होती. तिला चालायची परवानगी त्याच सकाळी मिळाली होती. तिच्या स्टूलवरचा स्टीलचा गिलास रिकामा होता.

"आजी, तुम्ही पाणी दिलंत त्यांना?"

"दिलं. अर्धा गिलास."

माझा आवाज चढला. तुम्हाला कळतं का, तुमच्यामुळे काही झालं तर कोण जबाबदार, असं बरंच काही मी बोलले. सगळ्या खाटांवरचे पेशंट बघायला लागले. म्हातारीने तक्त्याकडे बोट केलं.

"लिही तुझ्या कागदावर," ती म्हणाली. "माझ्या नावावर लिही."

मी तक्ता हातात घेतला, पण लिहिलं नाही. नोकरीत तक्ता खोटा ठेवल्याची माझी ती एकच वेळ.

आबांनी मला खुणेने जवळ बोलावलं. "तिला नको बोलूस. तिच्या गिलासानं पिलो मी. धरला तिनं गिलास व्हटाला." थोडं थांबून म्हणाले, "आमच्या टायमाला वरून वतायचे." पुढे त्यांना बोलायचं होतं, पण खोकला आला.

त्याच संध्याकाळी दोन नंबरच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर गेले. ते बारा दिवस व्हेंटिलेटरवर होते, घशात नळी, डोळे अर्धवट उघडे. पडदा ओढला होता, तरी आबांनी सगळं ऐकलं. मी मास्क लावायला गेले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तेच्यासारखं मला करू नको. नळी नको घालू. कळलं का?"

"असं काही होत नाही, आबा. तुम्ही बरे होताय."

"कळलं का ते सांग."

"कळलं."

मग ते म्हणाले, "तांब्याभर पाणी पाज उद्याच्याला. गार."

"बघू उद्या," मी म्हणाले आणि मास्कचा पट्टा आवळला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. उसाच्या फडावरून निघायला त्याला इतके दिवस लागले होते. हातांच्या रेघांत काजळी, पायात फाटके बूट, ट्रकमधून आणि दोन एसट्या बदलून आलेला. आबांनी त्याला म्हशींचं विचारलं आणि तो सरळ म्हणाला, "धाकटी गाभडली." आबांनी माझ्याकडे बघितलं. मान हलवली, बस.

त्या दिवशी त्यांनी पाणी मागितलं नाही. दुपारपासून ते झोपेतच होते. मी आधी मनाला समजावलं की थकलेत, झोपू दे. पण हाक मारली तर डोळे उघडून लगेच मिटत होते, आणि हे झोपणं मला ओळखीचं होतं. रक्त तपासलं. कार्बन डायऑक्साइड वाढला होता, न्यूमोनिया दुसऱ्या बाजूला पसरला होता. डॉक्टरांनी आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं.

"मास्कने आता भागत नाही. नळी टाकून व्हेंटिलेटर लावता येईल. पण या फुप्फुसांवर ती नळी परत काढता येईल असं मला वाटत नाही. दोघं मिळून ठरवा. फार वेळ नाही."

ते आत गेले. भाऊ म्हणाला, "ठरवायचं काय त्यात? टाका म्हणावं."

"आबा नको म्हणाले होते. काल. मला सांगितलं त्यांनी."

"कुणापुढं?"

"मीच होते."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू सिस्टर हायस, तुला समदं कळतं. मला एवढं कळतंय, मशीन हाय आन् माणूस जित्ता हाय. पाच म्हैने मी त्येचं तोंड बघितलं न्हाई. तू इथं व्हतीस. तू छावणीत ऱ्हाऊ दिलं त्येला."

ते खरं होतं. ते खरं नसतं तर मी भांडले असते, असं मला अजून वाटतं. आबांनी माझं मनगट धरून दोनदा विचारलं होतं, आणि मी कळलं म्हणाले होते. पण त्या व्हरांड्यात, ऊसतोडीहून आलेल्या भावासमोर, माझ्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही. मी आत जाऊन डॉक्टरांना म्हणाले, "टाका सर." सहीच्या जागी भावाने अंगठ्याइतक्या मोठ्या अक्षरांत नाव लिहिलं. त्याच्या खाली मी सही केली.

नळी टाकताना मी बाहेर थांबले. तेवढी एकच गोष्ट मी दुसऱ्यांवर सोपवली.

त्यानंतर आबा चार दिवस होते. घशात नळी, नाकात नळी, आणि गुंगीचं औषध उतरलं की नळी ओढतील म्हणून हात पुन्हा बांधलेले. आता पाण्याचा प्रश्नच नव्हता. तोंडावाटे काही द्यायचं नव्हतं. मी ओल्या बोळ्याने जीभ पुसायची, तर नळीच्या कडेने ती थोडी हलायची. ती तहान होती की नुसतं हलणं, ते मला इतकी वर्षं काम करूनही सांगता आलं नसतं. पाच नंबरच्या म्हातारीला खालच्या वॉर्डात हलवलं. जाताना तिने व्हीलचेअर आबांच्या खाटेशी थांबवून घेतली आणि त्यांच्या पायाला हात लावला. मला म्हणाली, "माझ्या पाण्याने तर नाही ना गं झालं?"

"नाही, आजी." मी डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. गिलासाचं सगळं सांगून विचारलं होतं. ते म्हणाले होते, अर्ध्या गिलासाने न्यूमोनिया पसरत नाही. आणि तक्त्याचं काही म्हणाले नव्हते. म्हातारीचा विश्वास बसला का, माहीत नाही. माझा बसायलाही बरेच दिवस लागले.

भाऊ दिवसातून दोनदा, भेटीच्या वेळी आत यायचा. पहिल्या दिवशी मॉनिटरकडे बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आबांच्या कानाशी वाकून जोरात बोलला, म्हशीचं, पिकाचं, येत्या पावसाचं. तिसऱ्या दिवशी त्याला हाताची पट्टी दिसली. चादरीखाली होती, चादर सरकली होती.

"हे कुणी बांधलं?"

"मी."

"सोड."

"नळी ओढतील."

"ओढू दे," तो म्हणाला. मग आबांचा बांधलेला हात दोन्ही हातांत धरून उभा राहिला. वेळ संपली तरी मी त्याला बाहेर काढलं नाही. जाताना म्हणाला, "त्या दिशी नळी नको म्हणाला असता त्यो मला, तर मीबी नकोच म्हणलो असतो. मला कुटं बोलला त्यो."

चौथ्या दिवशी सकाळी रक्तदाब धरेना. डॉक्टर म्हणाले, औषध वाढवत नेता येईल, पण अर्थ नाही. भावानेच नको म्हणून मान हलवली. मी हात सोडले. दुपारी दोनच्या सुमाराला आबा गेले. मॉनिटरचा आवाज बंद करायचं बटण मीच दाबलं, सवयीने, आणि मग खाली बसले.

शरीर आम्ही दोघांनी पुसलं. टँकरचा दिवस नव्हता, अर्धी बादली पाणी होतं. मी नळ्या काढल्या, चिकटपट्ट्यांचे डाग स्पिरिटने काढले. भाऊ कपडा पिळून देत होता. पाठीवर, खांद्याच्या फळ्यांच्या मधे, दहा दिवस पडून राहिल्याने कातडी लाल झाली होती. तिथे तो फार हळू हात फिरवत होता. गावी नेलं तेव्हा छावणीतली म्हातारी माणसं जनावरं एकमेकांच्या हवाली करून आली होती. बुद्धवंदना झाली. शेजारच्या बाजेवरचा तो म्हातारा मला म्हणाला, "त्या दिशी आधीच कळवायला पायजे व्हतं मी. रातभर बसून काढली त्येनं, मला म्हणला, पोरीला ड्यूटी असती, सकाळी सांग."

छावणी उन्हाळा संपेपर्यंत चालली. दोन्ही म्हशी भावाने विकल्या आणि पुन्हा पाळल्या नाहीत.

मी आठव्या दिवशी कामावर गेले. चार नंबरला दुसरे आजोबा होते, तेही दमेकरी, तेही पाणी मागत होते. डॉक्टरांनी विचारलं, तुला खाली वॉर्डात बदली हवी का? मी नको म्हणाले. दुसरं काय येत होतं मला? पण पहिले काही महिने मी बांधायची पट्टी दुसऱ्या सिस्टरला करायला सांगायची. नंतर पुन्हा करायला लागले.

भाऊ आणि मी एकमेकांकडे जातो-येतो. त्याच्या पोरीचं लग्न मी उभं राहून लावलं. व्हरांड्यातलं ते बोलणं आम्ही पुन्हा कधी काढलं नाही. मी काढायला गेले की तो पावसाचं बोलतो.

एक मात्र मी सुरू केलं. छातीचा आणि हृदयाचा म्हातारा पेशंट आला आणि मास्क निघून चार शब्द बोलण्याइतका सुधारला, की मी घरच्या सगळ्यांना खाटेभोवती बोलावते आणि त्यांच्या देखत विचारते, "बाबा, उद्या जास्त झालं तर नळी टाकायची का? यांना सांगा. मला नको, यांना." काही जण सांगतात. काही जण मुलाकडे बघतात आणि गप्प राहतात. बऱ्याच घरच्यांना माझा राग येतो. बाप बरा होत असताना ही बाई अभद्र बोलते, अशी एका मुलाने डॉक्टरांकडे तक्रार केली. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, त्याच्यासमोर रागावले, आणि तो गेल्यावर म्हणाले, "पुढच्या वेळी जरा हळू आवाजात विचार."